प्रोबेशनच्या बाँडवर असताना नवा गुन्हा दाखल झाला, तर जुन्या केसचं काय होतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या धाकट्या भावाला मारहाणीच्या एका केसमध्ये, भारतीय दंड विधानाच्या कलम ३२४ खाली, तालुक्याच्या कोर्टाने दोषी धरलं. तुरुंगात मात्र पाठवलं नाही, २ वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. त्या बाँडला २५,००० रुपयांच्या जामीनदार तुम्ही स्वतः आहात. १४ महिने काही तक्रार न होता गेले. आता शेताच्या बांधावरून भाऊबंदकीत भांडण झालं, ८ जणांवर गर्दी-मारामारीचा गुन्हा दाखल झाला आणि फिर्यादीत भावाचंही नाव आलं. ठाण्यातले हवालदार म्हणाले, "आता जुनी शिक्षा पण भोगायला लागणार." हे खरं का, आणि तुमच्यावर काय येईल, असं तुम्ही विचारलंय.

हवालदारांचं बोलणं अर्धं खरं आहे. नुसता गुन्हा दाखल झाला म्हणून जुनी शिक्षा आपोआप लागत नाही. त्यासाठी वेगळी नोटीस निघावी लागते, वेगळी सुनावणी व्हावी लागते आणि बाँडची अट मोडली अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. पण उरलेलं अर्धं हलक्यात घेऊ नका. नव्या केसमध्ये ५०० रुपये दंड भरून विषय संपेल असं आज वाटत असलं, तरी त्या ५०० रुपयांच्या मागे जुन्या केसची ३ वर्षांपर्यंतची शिक्षा उभी आहे. फौजदारी बाजूला २२ वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो. प्रोबेशनवरच्या माणसाचं नुकसान नव्या केसच्या शिक्षेपेक्षा ती केस लवकर मिटवण्याच्या घाईने जास्त होतं.

आता क्रमाने बघू. सगळ्यात आधी जुन्या केसच्या निकालाची आणि बाँडची सही-शिक्क्याची नक्कल काढा. नक्कल अर्ज टाकायला वकीलच हवा असं नाही, केस नंबर आणि निकालाची तारीख पुरते. हे पहिलं सांगायचं कारण असं की माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांना आपल्या माणसाला नेमकं कशावर सोडलंय हेच माहीत नसतं. "प्रोबेशनवर आहे" म्हणतात, आणि कागद उघडला की वेगळंच निघतं. कधी अपिलात शिक्षेला स्थगिती मिळालेली असते. कधी नुसता जामीन असतो. कधी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ (म्हणजेच प्रोबेशनचा कायदा) च्या कलम ३ खाली ताकीद देऊन सोडलेलं असतं, म्हणजे बाँडच नसतो, मग मोडायला काही उरतच नाही. या प्रत्येकाचे परिणाम वेगळे आहेत.

तुम्ही लिहिलंय त्यावरून भावाला याच कायद्याच्या कलम ४ खाली सोडलेलं दिसतंय. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला कोर्ट लगेच शिक्षा न सुनावता बाँडवर सोडू शकतं. बाँडची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. बाँडमध्ये दोन गोष्टी लिहून घेतलेल्या असतात: बोलावलं की शिक्षा ऐकायला हजर राहीन, आणि तोपर्यंत शांतता राखून नीट वागेन. यातली पहिली ओळ लोक विसरतात. "सुटलो" असं वाटतं, पण शिक्षा माफ झालेली नसते, ती सुनवायची बाकी असते. भावाच्या केसमध्ये कोर्टाने दोषी धरण्याचं काम पूर्ण केलंय आणि शिक्षेचं काम बाजूला ठेवलंय. कलम ३२४ ला ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही आहे. हा आकडा वरची मर्यादा आहे. उद्या वेळ आलीच तरी कोर्टाला थेट ३ वर्षंच द्यावी लागतात असं नाही, नुसता दंडही देता येतो. जुना गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला असल्याने त्याला जुनं दंड विधानच लागेल, नवी न्याय संहिता नाही.

नकलेत आणखी एक गोष्ट बघा: देखरेखीचा आदेश आहे का. असेल तर भाऊ किमान १ वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली असतो आणि राहण्याचं ठिकाण, दारू-नशा, कुणाच्या संगतीत राहू नये अशा जादा अटी लिहिलेल्या असू शकतात. नव्या भांडणाच्या वेळी तो दारू प्यायला होता असं फिर्यादीत आलं असेल, तर ती एक ओळ वेगळी अट मोडल्याचा आरोप ठरते.

आता प्रोबेशनच्या कायद्याचं मुख्य कलम, ९. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा इतर कुठल्याही मार्गाने कोर्टाला वाटलं की बाँडची अट मोडली गेलीय, तर ते समन्स काढू शकतं किंवा सरळ अटक वॉरंट काढू शकतं. समन्स जामीनदारालाही येऊ शकतं, म्हणजे तुमच्या दारातही बेलिफ किंवा पोलीस येईल, तेव्हा घाबरून जाऊ नका. "इतर कुठल्याही मार्गाने" या शब्दांत पोलिसांचा अहवाल येतो, सरकारी वकिलांचा अर्ज येतो आणि विरोधी पार्टीने टाकलेला अर्जही येतो. भाऊबंदकीच्या भांडणात तो तिसरा मार्ग सगळ्यात जास्त वापरला जातो, कारण समोरच्यांना तुमच्या घरातलं सगळं माहीत असतं. हे काम बाँड लिहून घेणाऱ्या कोर्टातच चालतं असंही नाही, मूळ गुन्हा चालवण्याचा अधिकार असलेलं दुसरं कोर्टही ते चालवू शकतं.

हजर झाल्यावर कोर्ट एकतर जामिनावर सोडतं किंवा चौकशी संपेपर्यंत कोठडीत ठेवतं. समन्स घेऊन वेळेवर स्वतः हजर झालेला आणि वॉरंटवर धरून आणलेला यांच्याकडे बघण्यात फरक पडतो, हे मी पुस्तकातलं सांगत नाही, रोज बघतो. मग सुनावणी होते. अट मोडली अशी खात्री झाली, तर कोर्टापुढे दोन वाटा असतात. मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावणं ही पहिली. पहिलीच चूक असेल तर बाँड चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करणं ही दुसरी. होय, पन्नास रुपये. १९५८ साली लिहिलेला आकडा आहे तसाच आहे. त्या काळी त्याला थोडं वजन असेल, आज नाही. पण ती ओळ कायद्यात आहे म्हणून कितीतरी पोरं घरी आहेत. पहिल्या चुकीला माणसाला लगेच आत टाकू नका असं कायदाच म्हणतो, आणि तुमच्या वकिलांनी युक्तिवादात याच ओळीवर उभं राहायचं आहे. हा दंड दिलेल्या मुदतीत भरला नाही तर मात्र मूळ शिक्षा सुनावता येते, त्यामुळे तो त्याच दिवशी भरून पावती घ्या.

नुसत्या एफआयआरवरून "अट मोडली" असं म्हणता येतं का? एफआयआर म्हणजे कुणीतरी केलेला आरोप. त्यावरून कोर्टाला शंका येऊ शकते, समन्स निघू शकतं, पण खात्री व्हायला त्यापेक्षा काहीतरी जास्त लागतं, असं मी दरवेळी मांडत आलोय. दुसरीकडे हेही स्पष्ट सांगतो की नव्या केसमध्ये शिक्षा झाल्याशिवाय कलम ९ चालवूच नये, असं कलमात कुठे लिहिलेलं नाही. साक्षीपुरावा घेऊन कोर्ट आधीही निर्णय देऊ शकतं. म्हणून आमची मागणी सहसा अशी असते की नव्या गुन्ह्याच्या तपासाचा निकाल लागेपर्यंत हे काम थांबवा. महाराष्ट्रात पोलीस तपासानंतर दोषारोपपत्र पाठवतात किंवा समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. फिर्यादच खोटी निघाली तर बी समरी, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर सी समरी. बांधाच्या एका भांडणात माझ्या अशिलाचं नाव केवळ घराचं नाव म्हणून फिर्यादीत घातलं होतं. त्या दिवशी तो कामावर होता आणि तिथलं हजेरीपत्रक आम्ही तपास अधिकाऱ्यांना वेळेत दिलं. बी समरी गेली, कोर्टाने ती मंजूर केली आणि तिची नक्कल लावल्यावर बाँड मोडल्याचं काम एकाच तारखेला बंद झालं. भाऊ त्या वेळी दुसरीकडे असेल, तर हजेरी, सीसीटीव्ही, दवाखान्याचा केसपेपर, जे असेल ते आजच गोळा करा. दुकानातलं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं, दुकानदाराला विनंती करून कॉपी घ्या आणि तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

घटनेची तारीखही तपासा. कधीकधी फिर्याद आज असते आणि घटना बाँडच्या आधीची असते. बाँड लिहून देण्याआधी घडलेल्या गोष्टीने बाँड मोडत नाही.

आता ज्यासाठी एवढं लांबलचक लिहायला बसलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा होता. मोटारसायकल चोरीच्या केसमध्ये दोषी ठरला होता आणि २ वर्षांच्या बाँडवर होता. २२ महिने झाले होते, दोनच उरले होते. एका संध्याकाळी पाराजवळ पत्ते खेळणाऱ्यांवर धाड पडली, त्यात हा सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना कोर्टात उभं केलं. ओळीने एकेक जण "गुन्हा कबूल" म्हणत होता, ३०० रुपये दंड भरत होता आणि घरी जात होता. यानेही तेच केलं, कारण ११ च्या आत गॅरेजला पोचायचं होतं. मला फोनसुद्धा केला नाही, एवढ्याशा कामाला वकील कशाला असं वाटलं. दीड महिन्याने जुन्या कोर्टाचं समन्स आलं आणि त्याला जुगाराच्या केसच्या निकालाची नक्कल जोडलेली. तो माझ्याकडे आला तेव्हा पाकिटातून त्याने चार घड्या घातलेली दंडाची पावती काढली आणि माझ्यापुढे टेबलावर सरळ करून ठेवली. "साहेब, मिटलेलं आहे ते. ही बघा पावती." ती पावतीच त्याच्याविरुद्धचा पुरावा होती. त्याने स्वतः कबुली दिली होती, त्यामुळे "मी खेळत नव्हतो, बाजूला उभा होतो" हे म्हणायची सोय राहिली नव्हती. खरं तर तो बाजूलाच उभा होता, असं त्याच्याबरोबरचे दोघे सांगत होते. कोर्टाने पहिली चूक म्हणून ५० रुपयांवर सोडलं. ती न्यायाधीशांची समजूत आणि त्याचं नशीब. तेच कोर्ट त्या दिवशी त्याला चोरीच्या केसमध्ये आत पाठवू शकत होतं आणि मला अपिलाशिवाय काही करता आलं नसतं.

म्हणून भावाला आज रात्रीच सांगून ठेवा: नव्या केसमध्ये, किंवा उद्या कुठल्याही फुटकळ केसमध्ये, दारूची असो, जुगाराची असो, रस्त्यावर आरडाओरडा केल्याची असो, वकिलाला विचारल्याशिवाय गुन्हा कबूल करायचा नाही. लोकअदालतीच्या दिवशी तर अजिबात नाही. तिथे गर्दी असते, सगळं झटपट चाललेलं असतं आणि "कबूल करून मोकळे व्हा" असं सांगणारे चार जण भेटतात. त्यांच्या मनात वाईट नसतं, त्यांना भावाच्या जुन्या बाँडची कल्पना नसते.

गुन्हा कबूल करणं आणि तडजोड करणं यांत लोकांची गल्लत होते, आणि ही गल्लत महागात पडते. दोन्हीत केस "मिटते", पण कायद्याच्या नजरेत दोन्ही उलट्या टोकांना आहेत. कबुलीने माणूस दोषी ठरतो. फिर्यादीबरोबर कायदेशीर तडजोड झाली तर त्या गुन्ह्यातून निर्दोष सुटल्यासारखं धरलं जातं. तुम्ही कळवलेल्या कलमांपैकी साधी दुखापत, शिवीगाळ आणि धमकी, म्हणजे भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२ आणि ३५१(२), ही तडजोडीच्या यादीतली आहेत. गर्दी-दंग्याची कलमं त्या यादीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंनी मिळून उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्याचा अर्ज करावा लागतो. ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपसातल्या, खासगी स्वरूपाच्या वादात हा मार्ग मोकळा असल्याचं सांगितलंय. खर्च होईल, मुंबई किंवा कोल्हापूरच्या खेपा पडतील. पण बांधाचा वाद खरोखर मिटण्यासारखा असेल, तर मोजणी मागवून हद्द कायम करून घेणं आणि त्याबरोबर फौजदारी तडजोड करणं, हे भावाच्या बाँडसाठी सगळ्यात सुरक्षित आहे. फक्त समोरच्यांशी बोलायला भावाने स्वतः जायचं नाही. साक्षीदारांवर दबाव आणला असा एक अर्ज आला, तर आणखी एक अट मोडल्याचं प्रकरण उभं राहतं. गावातली वडीलधारी दोन माणसं किंवा दोन्हीकडचे वकील यांनी बोलावं.

दुसरी जपायची जागा म्हणजे कलम ९ च्या सुनावणीत भाऊ काय बोलतो. एकाच भांडणाबद्दल दोन कोर्टांत दोन कामं चालू असतात. जुन्या कोर्टात दया मिळावी म्हणून माणूस सांगून टाकतो, "साहेब, मी एकच फटका मारला, आधी त्यांनीच काठी उगारली." भावना खरी असते, पण ते वाक्य कागदावर आलं की नव्या केसमध्ये त्याच्याच अंगावर येतं. स्वतःविरुद्ध बोलायला कुणाला भाग पाडता येत नाही, हा संविधानाच्या कलम २०(३) चा हक्क आहे. सुनावणीत आम्ही भांडणाच्या तपशिलात शिरत नाही. १४ महिन्यांची वागणूक, नोकरी-धंदा, घरची जबाबदारी, परिवीक्षा अधिकाऱ्याकडच्या हजेऱ्या आणि आरोप सिद्ध झालेला नाही, एवढ्यावरच बोलतो.

परिवीक्षा अधिकाऱ्यांबद्दल दोन शब्द. आपल्याकडे हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयातून काम बघतात, पोलिसांच्या हाताखाली नसतात. भाऊ देखरेखीखाली असेल, तर नवा गुन्हा दाखल झाल्याचं त्यांना स्वतःहून, लेखी, दोन ओळींत कळवा: अमुक ठाण्यात अमुक नंबरचा गुन्हा दाखल झाला आहे, आरोप मान्य नाही, पुढच्या भेटीच्या तारखेला हजर राहीन. भांडण कसं झालं ते लिहू नका. अधिकाऱ्याला ही बातमी पोलिसांच्या पत्रातून कळली तर अहवालाचा सूर वेगळा येतो, आणि कोर्ट त्या अहवालाला मान देतं. भाऊ नव्या केसमध्ये अटकेत असला आणि भेटीची तारीख चुकणार असली, तर कारागृहातूनही पत्र पाठवता येतं. कळवलं नाही, तर न आल्याची नोंद ही स्वतंत्र चूक होऊन बसते.

नव्या केसमधला जामीन. तुम्ही पाठवलेल्या कलमांवर जामीन हक्काने मिळतो, त्यासाठी झगडावं लागणार नाही. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देतात. ती आली तर चुकवायची नाही, चुकवली तर तेच अटकेचं कारण होतं. पण गावाकडच्या केसमध्ये जखमीचं मेडिकल आल्यावर हत्याराचं किंवा गंभीर दुखापतीचं कलम वाढतं, हे नेहमीचं आहे. तसं झालं तर जामीन अर्जात जुन्या केसचा उल्लेख आपणच करायचा. लपवून काही होत नाही, पोलिसांच्या संगणकावर आणि ई-कोर्टवर सगळं दिसतं. आपण लपवलं आणि सरकारी वकिलांनी उभं राहून सांगितलं, तर त्या अर्जातलं बाकीचं खरंसुद्धा कुणी ऐकत नाही. आणखी एक फरक इतर वाचकांसाठी: कच्चा कैदी म्हणून फार काळ आत राहिलेल्यांना याच संहितेच्या कलम ४७९ खाली सुटका मिळते, आणि आधी कधीही दोषी न ठरलेल्याला ती शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर मिळते. प्रोबेशनवरचा माणूस एकदा दोषी ठरलेला असतो, त्यामुळे सरकार पक्ष त्याला हा लवकरचा फायदा नाकारायला बघणार, निम्म्या काळाचा नियम लागेल असं धरून चाला.

दोन्हीकडे शिक्षा झाल्याच, तर त्या सहसा एकापाठोपाठ एक भोगाव्या लागतात. एकत्र भोगण्याचा आदेश कोर्टाने वेगळा द्यावा लागतो आणि तो मागावा लागतो. न मागितल्यामुळे राहून गेलेला मी पाहिलाय. आणि नव्या केसमध्ये काढलेले कोठडीचे दिवस जुन्या शिक्षेतून वजा होत नाहीत, ज्या केसमध्ये कोठडी काढली त्याच केसच्या शिक्षेतून ते वजा होतात.

प्रोबेशनच्या कायद्याच्या कलम १२ बद्दल फार कमी घरांना माहिती असते, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे. प्रोबेशनवर सुटलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे इतर कायद्यांखाली जी अपात्रता येते, ती लागत नाही. निवडणूक असो किंवा एखादा परवाना असो, हे कलम ढालीसारखं असतं. (सरकारी नोकरीतली खात्याची स्वतंत्र कारवाई मात्र याने थांबत नाही, ते सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या बक्षी राम निकालात स्पष्ट केलंय.) पण त्याच कलमाच्या शेवटी लिहिलंय की बाँडवर सुटल्यानंतर ज्याला पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली जाते, त्याला हे संरक्षण नाही. म्हणजे कलम ९ खाली जुनी शिक्षा लागली, मग ती महिनाभराची असो की नुसत्या दंडाची, तर ढाल जाते. ५० रुपयांच्या दंडाने जात नाही, कारण ती मूळ गुन्ह्याची शिक्षा नाही. म्हणून कोर्ट "जुन्या केसमध्ये नुसता दंड करून टाकतो" म्हणायला लागलं, तरी खूश होऊन मान हलवू नका. आपली मागणी बाँड चालू ठेवण्याची असावी.

काही जण विचारतात, नव्या केसमध्ये दोषी ठरला तर पुन्हा प्रोबेशन मिळेल का? १९५८ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये "आधी दोषी ठरलेला नसावा" अशी अट नाही, म्हणून दार बंद नाही. पण एकदा दिलेली संधी कशी वापरली हे कोर्ट बघणारच. नवा गुन्हा ॲट्रॉसिटी कायद्याखालचा असेल, तर १८ वर्षांवरच्या माणसाला प्रोबेशन मिळतच नाही. भांडणात समोरची पार्टी अनुसूचित जाती-जमातीतली असेल, तर ही गोष्ट आधीच लक्षात घ्या.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा पालकांचे मला कधीमधी फोन येतात आणि तिकडचं वाचून ते इकडे लावतात. तिकडे प्रोबेशन रद्द करायला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत व्हिसाचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. तिथलं काम तिथल्या वकिलांनाच विचारावं. वर लिहिलेलं सगळं इथल्या कायद्याचं आहे.

आता ताई, तुमचं. बाँड मोडल्याचं सिद्ध झालं तर कोर्ट तुम्हाला नोटीस काढून विचारेल की २५,००० रुपये का वसूल करू नयेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ ची ही पद्धत आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ४४६ होतं. भाऊ नव्या केसमध्ये दोषी ठरला, तर त्या निकालाची नक्कल तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येते आणि त्याने गुन्हा केलाच असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी मग तुमच्यावर येते. घाईने गुन्हा कबूल करण्याचा फटका असा जामीनदारापर्यंत पोचतो. मात्र कारणं नोंदवून रक्कम कमी करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. तुमचं उत्पन्न, मुलांच्या शाळेचा खर्च, घरात दुसरं कुणी कमावतं की नाही, हे कागदांसह मांडा. नोटिशीला उत्तरच दिलं नाही आणि वसुली झाली नाही, तर जामीनदाराला दिवाणी कोठडी होऊ शकते, तेव्हा ती नोटीस कपाटात ठेवून देऊ नका.

जामीनदारकी काढून घ्यावी का, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. अर्ज करता येतो. पण आत्ता, नवा गुन्हा ताजा असताना काढून घेतली, तर भावाला नवा जामीनदार उभा करावा लागेल आणि तो मिळाला नाही तर त्याच्यावर कोर्टात जायची वेळ येईल. सख्ख्या बहिणीने हात काढून घेतला, हे समोरच्या वकिलांनी एका वाक्यात सांगितलं तरी कोर्टाच्या मनात घर करतं. माझा सल्ला विचाराल तर निदान दोषारोपपत्र येईपर्यंत थांबा.

वकिलाची फी ही अडचण असेल, तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, आणि भाऊ अटकेत असेल तर त्यालाही मिळतो. जाताना जुन्या निकालाची नक्कल, बाँडची नक्कल, नव्या एफआयआरची प्रत आणि परिवीक्षा अधिकाऱ्याकडच्या हजेऱ्यांची वही, एवढं एका फाईलमध्ये लावून न्या. एफआयआरमध्ये ८ जणांपैकी भावाच्या वाट्याला नेमकं कुठलं वाक्य आलंय ते पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. वकील पहिल्यांदा तेच वाक्य शोधणार आहेत.